निवृत्तीनंतर लेस आणि कविता: गोव्यातल्या शिक्षकांसाठी सुरुवातीची पावलं

निरोपाची शाल कपाटात गेली आणि पेन्शनचे कागद मार्गी लागले, की शिक्षकाकडे उरते ती घंटेची सवय. पहिला महिना सुखाचा जातो. मृगाचा पाऊस लागेपर्यंत मोकळा दिवस जड वाटू लागतो. शेजारी विचारतात, "मग आता काय करता, बाई?" आणि उत्तर सुचत नाही. ज्यांना कधीपासून कविता लिहायची आहे, क्रोशाची लेस विणायची आहे किंवा हाताने काहीतरी सुंदर करायचं आहे, आणि कुठून धरावं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी स्वतः निवृत्त शिक्षिका, फोंडा महालातली. लेस आणि कविता या दोन्ही गोष्टी मी निवृत्तीनंतरच हातात घेतल्या.

माझा सल्ला पहिल्यापासून ठाम आहे: या दोन्ही गोष्टी बरोबरीने शिका. लेस मोजायला शिकवते आणि कवितेलाही मोजणी लागते. लेसच्या जाळीत भरलेल्या घरांइतकीच रिकामी घरं महत्त्वाची असतात, आणि कवितेत न सांगितलेल्या गोष्टींना तेच मोल असतं. दोन्हींत उसवावं लागतं. एका कामात हात अडला की दुसरं पुढे सरकतं, त्यामुळे दिवस फुकट गेला असं वाटत नाही.

आधी वेळ बांधा, मग सामान आणा

बहुतेक जण उलटं करतात. मडगावच्या बाजारातून पिशवीभर दोरे येतात आणि चवथीच्या साफसफाईत माळ्यावर जातात. आधी दोन वेळा ठरवा. कवितेसाठी सकाळची, चहा झाल्यावर आणि मोबाइल हातात घ्यायच्या आधीची. लेससाठी दुपारची झोप झाल्यावर चारच्या सुमाराची, कारण तेव्हा ओटीवर उजेड चांगला असतो आणि स्वयंपाकघराची हाक अजून आलेली नसते. सुरुवातीला प्रत्येकी अर्धा तास पुरे.

घरात हे स्पष्ट सांगा. शाळेत असताना तासाच्या मध्ये कोणी आत येत नव्हतं, आता मात्र निवृत्त माणूस सगळ्यांना कायम रिकामा दिसतो. "चार ते साडेचार मी कामात आहे" हे सूनबाईंना, नातवंडांना आणि गॅस सिलिंडरवाल्यालाही कळलं पाहिजे. यात संकोच करण्यासारखं काही नाही. शिक्षिका म्हणून आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकाला मान दिला, आता आपल्या वेळापत्रकाला मान मागायचा.

बसायला हात नसलेली, ताठ पाठीची खुर्ची घ्या. उजेड डाव्या खांद्यावरून यावा, डावखुऱ्यांनी उजव्या. पांढरा दोरा विणताना मांडीवर काळं किंवा गडद निळं कापड पसरा, टाके लगेच उठून दिसतात. चष्म्याचा नंबर बरेच दिवस तपासला नसेल तर लेस हातात घेण्यापूर्वी तेवढं काम उरका. डोळे ताणून केलेलं विणकाम आठ दिवसांतच नकोसं होतं.

कोणती लेस?

लेसचे प्रकार बरेच आहेत. बॉबिन लेसमध्ये उशीवर टाचण्या टोचून लाकडी बॉबिनांवरचे अनेक दोरे एकमेकांत गुंफतात. पोर्तुगालमधली पेनिश आणि व्हिला दो कोंद ही किनाऱ्यावरची गावं या कामासाठी प्रसिद्ध आहेत. सुईची लेस नुसत्या सुई-दोऱ्याने करतात. टॅटिंगला हातात मावणारं एक छोटं शटल लागतं, त्यावर गाठींची कडी आणि कमानी होतात. कदंबाच्या बसमध्ये बसूनही ते करता येतं. आणि क्रोशा, म्हणजे एक आकड्याची सुई आणि एक दोरा.

सुरुवात क्रोशापासून करा. सामान कमी लागतं, चुकलं तर ओढून सोडता येतं, आणि महत्त्वाचं म्हणजे गोव्यात क्रोशा जाणणारं माणूस हाकेच्या अंतरावर सापडतं. पोर्तुगीज काळात कॉन्व्हेंटमधून आणि घराघरांतून मुलींना शिवण, भरतकाम आणि लेस शिकवली जायची. ख्रिस्ती घरांत ओल्तारावरच्या, म्हणजे वेदीवरच्या, कापडाला, ट्रेवरच्या रुमालाला, बाळाच्या बाप्तिस्म्याच्या झग्याला हाताची लेस लावायची रीत आजही आहे. आमच्या हिंदू घरांतही देव्हाऱ्याचे पडदे, तोरणं, परकराची किनार आणि रेडिओवरचं आच्छादन क्रोशाचं असायचं. आजीच्या पेटीत असा एखादा तुकडा असेल तर काढून बघा. तो भिंगाखाली धरून टाके मोजणं हा उत्तम पहिला धडा आहे.

भारतात क्रोशाची लेस मोठ्या प्रमाणावर होते ती आंध्रातल्या नरसापूर परिसरात. तिथेही हे काम १९व्या शतकात मिशनऱ्यांच्या हातून पोचलं आणि मग गावोगावच्या बायकांचं झालं. म्हणून "हे आपलं नव्हे" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. जे हात रोज करतात, त्यांची ती कला होते.

शिकवणारी शोधताना संकोच आड येऊ देऊ नका. वाड्यावरच्या सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या मावशीला विचारा, चर्चमध्ये ओल्ताराची सजावट कोण करतं ते विचारा, पंचायतीच्या महिला मंडळात विचारा. मला शिकवणाऱ्या ख्रिस्ती शेजारणीने पहिल्या दिवशी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हटला: "सवकास, बाई, सवकास." आयुष्यभर वर्गाला "लवकर उतरवून घ्या" म्हणणाऱ्या माझ्यासारखीला हे ऐकून घेणं सोपं नव्हतं, पण त्या एका शब्दात अर्धं क्रोशाकाम आलं. व्हिडिओ बघून शिकता येतं, तरी दोरा किती ताणायचा हे शेजारी बसलेल्या माणसाच्या बोटांकडे बघूनच कळतं.

सामान

म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा यांपैकी कुठल्याही बाजारात शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात हे मिळतं. दोरा सुती आणि पिळदार हवा, लोकर नको. दोऱ्याच्या गुंडीवर आकडा असतो: १०, २०, ४०, ६०, ८०. आकडा वाढला की दोरा बारीक होतो, हे लक्षात ठेवा. पहिली गुंडी १० नंबरची घ्या, हात बसल्यावर २० नंबरची. ८० नंबरच्या मोहात वर्षभर तरी पडू नका.

सुई स्टीलची घ्या. १० नंबरच्या दोऱ्याला १.५० किंवा १.७५ मि.मी., २० नंबरला १.२५ मि.मी. च्या आसपास. आकडा सुईच्या दांड्यावर कोरलेला असतो, तो वाचून घ्या. दुकानदार "सगळं एकच" म्हणाला तरी ऐकू नका. बोटं दुखत असतील तर जाड रबरी मुठीची सुई मिळते, ती घ्या किंवा साध्या सुईच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळा. पहिल्या सरावाला रंग फिका निळा किंवा बदामी असू द्या. पांढऱ्यात टाके दिसत नाहीत, काळ्यात तर मुळीच नाहीत. शिवाय एक छोटी कात्री, जाड नाकाची बोथट सुई, मोजपट्टी आणि गणिताची चौकटीची वही. ती वही फार कामाची आहे, पुढे सांगते.

साखळी, खांब आणि दहा घरांची पट्टी

सरकगाठ घाला, सुई आत घाला, दोरा आकड्यात अडकवून बाहेर ओढा. झाली एक साखळी. दोरा डाव्या करंगळीभोवती एक वेढा घेऊन तर्जनीवरून यावा, म्हणजे ताण सारखा राहतो. पहिला आठवडा नुसत्या साखळ्या करा. शंभर साखळ्या, सगळ्या एका मापाच्या. कंटाळवाणं वाटतं, पण पहिलीच्या मुलांकडून आपण पाटीभर उभ्या रेघा काढून घेत होतो त्यामागे कारण होतंच ना.

मग खांब. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, साखळीत सुई घाला, दोरा ओढून बाहेर काढा. सुईवर तीन फास दिसतील. दोरा घेऊन दोन फासांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढा. वेढा न घेता केला की होतो बुटका टाका, मुका खांब. साखळी आणि खांब या दोन टाक्यांवर जाळीची अख्खी लेस उभी राहते.

जाळीच्या लेसचं गणित सरळ आहे. रिकामं घर म्हणजे खांब, मध्ये २ साखळ्या आणि पुढचा खांब. भरलेलं घर म्हणजे त्या २ साखळ्यांच्या जागी २ खांब. आता दहा घरांची पट्टी विणू.

पहिली ओळ रिकाम्या घरांची असेल तर साखळ्या घालायच्या घरं गुणिले ३, अधिक ५. म्हणजे दहा घरांना ३५. सुईपासून आठव्या साखळीत पहिला खांब घाला. आधीच्या सात साखळ्यांत पहिलं घर तयार झालं. मग २ साखळ्या, खालच्या २ सोडून तिसरीत खांब. शेवटपर्यंत असंच. घरं मोजा. दहा भरली नाहीत तर तिथेच थांबून शोधा.

दुसरी ओळ: काम उलटवा, ५ साखळ्या घाला. त्यातल्या ३ खांबाच्या जागी, २ घराच्या छताच्या. मग खालच्या दुसऱ्या खांबावर खांब, २ साखळ्या, पुढच्या खांबावर खांब. ओळीचा शेवटचा खांब कुठे घालायचा इथे सगळ्या नवशिक्या अडतात. खालच्या ओळीच्या सुरुवातीच्या छताच्या २ साखळ्या सोडा आणि लगेच पुढच्या साखळीत घाला. तो विसरला की दर ओळीला एक घर कमी होतं आणि पट्टी हळूहळू निमुळती होत जाते.

तिसऱ्या ओळीपासून शंकरपाळं काढा. पाचवं आणि सहावं घर भरा. चौथ्या ओळीत चौथ्यापासून सातव्यापर्यंत चार घरं, पाचव्या ओळीत तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सहा, सहाव्या ओळीत पुन्हा चार, सातव्या ओळीत दोन. आठवी ओळ सगळी रिकामी. सलग भरलेल्या घरांतले खांब मोजायचे झाले तर घरं गुणिले ३, अधिक १: दोन घरांना ७, चारांना १३, सहांना १९. हा आकडा जुळला की डोळे मिटूनही नक्षी चुकत नाही. हीच ओळींची मालिका पुन्हा पुन्हा विणा, उशीच्या अभ्र्याला पुरेल इतकी लेस तयार होईल.

आता चौकटीची वही. एक चौकट म्हणजे एक घर. भरायचं घर पेन्सिलीने काळं करा. तुळशीवृंदावन, मासळी, होडी, नातीच्या नावाचं अक्षर, काहीही त्या चौकटींत बसवता येतं. गणित शिकवलेल्या शिक्षकांना हे विशेष आवडेल. माझी स्वतःची आवड सांगायची तर मला देवळातल्या दीपमाळेचा नमुना फार प्रिय आहे. तळ रुंद, वर निमुळती, आणि प्रत्येक थराला एकेक घर दिव्याचं.

इंग्रजी नमुने वापरणार असाल तर एक धोका ध्यानात ठेवा. ब्रिटिश पुस्तकात 'डबल क्रोशे' म्हणजे मुका खांब आणि 'ट्रेबल' म्हणजे आपला खांब. अमेरिकी नमुन्यात मुक्या खांबाला 'सिंगल' आणि खांबाला 'डबल' म्हणतात. नमुन्यात कुठेही 'सिंगल' दिसला की तो अमेरिकी समजा. घरातली जुनी पुस्तकं बहुधा ब्रिटिश पद्धतीची निघतात आणि मोबाइलवरचे व्हिडिओ अमेरिकी. दोन्ही एकत्र केले तर रुमालाची टोपी होते.

उसवणं

चूक तीन ओळी खाली दिसली तर काय करायचं? उसवा. मुलांच्या वहीतली चूक आपण लाल शाईने दाखवली आणि पुढे गेलो, ती दुरुस्त करण्याचं काम मुलांचं होतं. इथे दाखवणारे आणि दुरुस्त करणारे आपणच. उसवताना दोरा लगेच गुंडीला गुंडाळत जा, नाहीतर गुंता होतो. एकच दोरा सारखा उसवला तर त्याला लव सुटते. तो भाग कापून टाका आणि ओळीच्या काठाशी नवा दोरा जोडा. मध्येच गाठ मारू नका, शेवटी ती वर डोकावतेच.

धुणं, ताण देणं आणि गोव्याचा पाऊस

विणून झालेली लेस सुरकुतलेली दिसते, म्हणून कोणी निराश होऊ नये. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. थर्माकोलवर स्वच्छ कापड टाकून लेस हव्या त्या मापाला ताणा आणि दर बोटभर अंतरावर न गंजणाऱ्या टाचण्या टोचा. सावलीत वाळू द्या. याने लेसचं रूप पार पालटतं. हे केल्याशिवाय कोणाला दाखवूच नका.

कडकपणा हवा असेल तर पेजेची खळ चालते. पेज मात्र पांढऱ्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाची गाळून घ्या. आपल्या रोजच्या उकड्याच्या पेजेने पांढऱ्या लेसला तांबूस छटा येते.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की चपलांनाही बुरशी येते. खळ दिलेली लेस पावसाळ्यात ठेवून देऊ नका. खळीवर बुरशी येते आणि कसर लागते. ठेवायची तर खळ धुऊन काढायची, पूर्ण वाळवायची आणि जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. घडीच्या जागी दोरा पिवळा पडून तुटतो, म्हणून लांब लेस पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. स्टीलच्या सुया कोरड्या डब्यात, कापडात पुसून. विणायला बसण्यापूर्वी हात साबणाने धुवा, मासळी आणि हळद दोन्ही दोऱ्याला चिकटून राहतात.

बोटांची काळजी तितकीच घ्या. वीसेक मिनिटांनी काम खाली ठेवा, मुठी उघडा-मिटा, मनगटं फिरवा. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं तर दोन-तीन दिवस सुट्टी. तेवढे दिवस कवितेला मिळतील.

कवितेची वही

शिक्षकाला कविता लिहिताना त्याची शिकवायची सवय आडवी येते. आपण आयुष्यभर कवितेचा भावार्थ सांगितला, मध्यवर्ती कल्पना फळ्यावर लिहिली. स्वतःची कविता लिहितानाही शेवटच्या दोन ओळींत आपण धडा काढून देतो. म्हणून पहिला नियम: कविता लिहून झाली की शेवटच्या दोन ओळी झाकून वाचा. बहुतेक वेळा ती तिथेच पूर्ण झालेली असते.

लिहिण्याआधी महिनाभर नुसतं वाचा आणि उतरवून काढा. रोज एक कविता, मोठ्याने. आवडली ती हाताने वहीत उतरवा. उतरवताना कवीने ओळ कुठे तोडली आणि शब्द कुठे मागेपुढे केला हे हाताला कळतं. पुस्तकांसाठी पणजीला पाट्टोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तिथे निवांत बसून वाचता येतं. तितकं जाणं जमत नसेल तर तालुक्याच्या ग्रंथालयाचं सभासद व्हा.

मग सुरुवात अष्टाक्षरीने करा. ओळीत आठ अक्षरं, चारांवर किंचित थांबा. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. ओव्या आणि अभंग ऐकत आपण वाढलो, देवळातलं भजन कानात आहे, त्यामुळे हा ठेका मुद्दाम शिकावा लागत नाही. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही मांडणी त्यानंतर घ्या. मात्रावृत्तं आणि गणवृत्तं सावकाश येतील. मुक्तछंद सगळ्यात शेवटी. तो सोपा दिसतो, पण मोजायला काही नसल्यामुळे नवशिक्याचा तोल तिथे लवकर जातो. हे माझं मत आहे, आणि अनेकांना ते पटत नाही.

एक उदाहरण बघा. नवी शिक्षिका-कवयित्री पहिल्यांदा साधारण असं लिहिते:

आठवणी येती मनी
डोळे भरूनिया येती

आठ-आठ अक्षरं बरोबर आहेत. पण कोणाच्या आठवणी, कसल्या, काही दिसत नाही. 'येती' दोनदा आलं आहे, 'भरूनिया' ठेका भरायला घेतलं आहे. आता मनातली गोष्ट बाजूला ठेवून घरात काय दिसतंय ते लिहा:

ओटीवर ओली छत्री
विसरून गेले कोण

अक्षरं तितकीच, डोळ्यांत पाणी आल्याचं कुठे म्हटलेलं नाही, तरी घरात कोणीतरी येऊन गेल्याचं आणि आता नसल्याचं कळतं. लेसमधलं रिकामं घर ते हेच. असा सराव रोज करा: भावनेचा एकही शब्द न वापरता दोन ओळी. विषय दारातलेच घ्या. खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या शेतातलं, पाणी, ते अडवणाऱ्या मानशीचं दार, कुळागरातली सकाळ, गणपतीवरच्या माटोळीला बांधलेली फळं, फेरीबोटीत शेजारी उभी असलेली मासळीची पाटी. आपल्या तोंडात जे शब्द आहेत तेच वापरा. मराठी कविता म्हणून कुळागराची 'पोफळीची बाग' करायची काही गरज नाही.

मराठीत लिहावं की कोकणीत, हा प्रश्न गोव्यात प्रत्येकाला कोणीतरी विचारतंच. ज्या भाषेत ओळ सुचली त्या भाषेत ती लिहा. बोरीचे बा. भ. बोरकर पेशाने बरीच वर्षं शिक्षक होते आणि त्यांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली. आपल्याला आणखी परवानगी कशाला हवी?

लिहिलेली कविता पंधरा दिवस वहीत ठेवा. मग लाल पेन घ्या आणि स्वतःचा पेपर तपासा. विशेषणं आधी काढा. 'सुंदर', 'पवित्र', 'अथांग' हे शब्द गेले तरी ओळ उभी राहते का बघा. ओळ मोडत असेल तर उसवा, पहिल्या शब्दापासून पुन्हा.

दाखवायला सुरुवात

पहिल्या सहा महिन्यांत निदान एका माणसाला कविता वाचून दाखवा. तो जवळचा नातलग नसावा, कारण घरचे कौतुकच करतात. जुने सहकारी उत्तम. चार-पाच निवृत्त शिक्षक महिन्यातून एकदा एखाद्याच्या ओटीवर जमलात की पुरे. प्रत्येकाने एक कविता वाचायची आणि ऐकणाऱ्याने फक्त एवढंच सांगायचं की कोणती ओळ लक्षात राहिली. शुद्धलेखनाच्या चुका कोणी काढायच्या नाहीत. शिक्षकांच्या बैठकीत हा नियम पाळणं सगळ्यात कठीण जातं, पण पाळा.

मग बाहेर पडा. पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा आणि कांपालची कला अकादमी, मडगावात गोमंत विद्या निकेतन आणि रवींद्र भवन, पर्वरीला गोमंतक मराठी अकादमी, शिवाय गावोगावची वाचनालयं. इथल्या कार्यक्रमांच्या बातम्या स्थानिक पेपरात येतात. पहिल्या दोन-तीन वेळा नुसते श्रोते म्हणून जा. कविता वाचायची संधी मिळाली की एकच वाचा, प्रस्तावना करू नका, आणि दिलेला वेळ पाळा. तासाची घंटा आपल्याला कळते, तिचा इथे फायदा होतो.

वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या आणि दिवाळी अंक नवोदितांच्या कविता घेतात. दिवाळी अंकासाठी पावसाळ्यातच पाठवा, गणपतीनंतर बहुतेक अंकांची पानं भरलेली असतात. कविता युनिकोड देवनागरीत टाइप करून पाठवा. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर बोलूनही टाइप होतं, मात्र पाठवण्यापूर्वी ऱ्हस्व-दीर्घ तपासा. एक कविता एका वेळी एकाच ठिकाणी. कोणती कुठे आणि कधी पाठवली याची नोंद हजेरीपटासारखी ठेवा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर दोन महिन्यांनी दुसरीकडे पाठवा. पैसे घेऊन प्रातिनिधिक संग्रहात कविता छापू म्हणणारे फोन येतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

बाकीचे छंद

पेटी, रांगोळी, सुलेखन, जत्रेतल्या नाटकाचं लेखन, मुलांसाठी गोष्टी सांगणं, सगळं करण्यासारखं आहे. पण पहिल्या वर्षी दोनापेक्षा जास्त धरू नका. सुलेखन मात्र या दोन्हींत सहज मिसळतं. हाताने लिहिलेली चार ओळींची कविता आणि भोवती बोटभर रुंदीची लेस, अशी पुस्तकातली खूण करून द्या. निरोपाला, वाढदिवसाला यासारखी भेट नाही. शाळेत हस्तलिखित काढायची हौस होती त्यांनी मित्रमंडळींचं वार्षिक हस्तलिखित काढावं, मुखपृष्ठाला लेसची किनार लावावी.

विकायचं ठरलं तर

कोणीतरी लेस बघून म्हणेल, "मलाही करून द्या, काय ते पैसे देते." इथे सावध राहा. खरं क्रोशाकाम यंत्रावर होत नाही. दुकानात क्रोशा म्हणून स्वस्तात मिळणारी मीटरवरची लेस दिसायला तशी असते, विणीची नसते. म्हणून तिच्या भावाशी आपला भाव लावायचा नाही. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला हाताने चाचपू द्या, फरक बोटांना कळतो.

भाव ठरवण्यासाठी आधी वीतभर लेस घड्याळ लावून विणा. किती वेळ लागला तो लिहा, दोरा किती गेला ते लिहा. आपल्या एका तासाची किंमत ठरवा, आणि ती "घरीच तर बसून करते" म्हणून कमी धरू नका. दोऱ्याचा खर्च, तासांचे पैसे आणि धुऊन ताण देण्याची मजुरी मिळवली की वितीचा दर निघतो. ओळखीच्यांना सूट द्यायची असेल तर आधी पूर्ण दर सांगा, मग सूट सांगा. नाहीतर पुढचं गिऱ्हाईक सूट दिलेला दर हाच खरा दर समजून येतं.

चर्चच्या ओल्ताराचं कापड किंवा बाप्तिस्म्याचा झगा अशी मोठी मागणी आली तर एका कागदावर माप, दोऱ्याचा नंबर, नमुना आणि द्यायची तारीख लिहून दोघांच्या सह्या करा. दोऱ्याचे पैसे आधी घ्या आणि लागणारा सगळा दोरा एकाच वेळी, एकाच लॉटचा आणा. गुंडीच्या चिठ्ठीवर लॉट क्रमांक असतो. पांढऱ्यातही छटा असतात, आणि अर्ध्यावर दोरा बदलला की जोड उन्हात उघडी पडते. तारीख देताना मध्ये चवथ, दिवाळी किंवा नाताळ येतो का ते पाहा आणि त्या आठवड्यांचं काम हिशेबात धरू नका.